केमोनंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वाढणारी मळमळ, आणि उलटी नसतानाही घ्यायच्या गोळ्या

सांजवेळ यांचा प्रश्न

माझ्या आईला (वय ५८) स्तनाचा कर्करोग असल्याचे निदान झाले असून डॉक्सोरुबिसिन आणि सायक्लोफॉस्फामाइड या दोन औषधांची केमोथेरपी सुरू आहे. दर एकवीस दिवसांनी एक अशा चार सायकल्स ठरल्या आहेत. पहिली सायकल तेरा दिवसांपूर्वी झाली आणि तिच्यात माझ्या हातून एक चूक झाली, असे मला आता वाटू लागले आहे.

केमोच्या दिवशी आईला आधी उलटी थांबवणारे इंजेक्शन, डेक्सामेथासोन हे स्टिरॉइड आणि अ‍ॅप्रेपिटंटची एक कॅप्सूल देण्यात आली. घरी घेण्यासाठी दुसऱ्या व तिसऱ्या दिवसाच्या अ‍ॅप्रेपिटंटच्या कॅप्सूल, तीन दिवसांचे डेक्सामेथासोन आणि ऑन्डान्सेट्रॉनच्या काही गोळ्या मिळाल्या. यांपैकी ऑन्डान्सेट्रॉनपुढे ‘गरज वाटल्यास’ असे लिहिले होते. ती सूचना सर्वच गोळ्यांना लागू आहे असे मी गृहीत धरले. पहिली रात्र इतकी शांत गेली की दुसऱ्या दिवशी सकाळी ‘उलटी नाही, मग गोळी कशाला’ असा विचार करून मी एकही गोळी दिली नाही. आईला मधुमेह आहे आणि डेक्सामेथासोनने साखर वाढते हे मला ठाऊक होते, हेही त्यामागचे एक कारण होते.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मळमळ सुरू झाली. तिसऱ्या दिवशी पाच उलट्या झाल्या आणि त्यानंतर पोटात काही नसताना नुसते कोरडे उमासे येत राहिले. तेव्हा घाईघाईने सगळ्या गोळ्या दिल्या, पण त्यांचा फारसा उपयोग झाला नाही. पाचव्या दिवसापर्यंत आई अंथरुणातच होती. पुढची सायकल आठ दिवसांवर आली आहे आणि रुग्णालयाचे नाव काढले तरी आपल्याला ढवळून येते, असे आई म्हणते. पहिला दिवस चांगला जाऊन त्रास नंतर का वाढतो, पुढच्या वेळी औषधे बदलता येतात का, आणि साखरेचे काय करावे, याविषयी जाणकारांनी मार्गदर्शन करावे ही विनंती.

औषधपेटी यांचे उत्तर

मी रुग्णालयाच्या औषध विभागात काम करतो. आपल्या आईंचे कागद मी पाहिलेले नाहीत, त्यामुळे मात्रा ठरवण्याचे काम त्यांच्या डॉक्टरांचेच आहे. मी फक्त त्यांच्याशी बोलताना उपयोगी पडेल अशी माहिती देतो. झाल्या प्रकाराचा फार दोष स्वतःला देऊ नका, कारण ‘गरज वाटल्यास’ आणि ‘ठरल्या वेळी’ या दोन प्रकारच्या गोळ्या एकाच पिशवीत आल्या की असा घोटाळा अनेक घरांत होतो.

पहिला दिवस शांत जाण्याचे कारण असे आहे. केमोची औषधे लहान आतड्याच्या अस्तरातील काही विशिष्ट पेशींना डिवचतात आणि त्या पेशी सेरोटोनिन नावाचे रसायन बाहेर टाकतात. हे सेरोटोनिन तिथल्या व्हेगस मज्जातंतूच्या टोकांवर जाऊन बसते, त्यातून मेंदूच्या तळाशी असलेल्या उलटीच्या केंद्राकडे निरोप जातो आणि उलटी होते. हा सगळा प्रकार मुख्यतः पहिल्या चोवीस तासांतला असतो. ऑन्डान्सेट्रॉन, ग्रॅनिसेट्रॉन, पॅलोनोसेट्रॉन ही औषधे सेरोटोनिनला नेमके त्या टोकांवर बसू देत नाहीत. आपल्या आईंना केमोआधी दिलेले इंजेक्शन बहुधा याच कुळातले असावे, आणि पहिली रात्र शांत गेली ती त्याच्यामुळे.

त्यानंतरचा त्रास, म्हणजे चोवीस तासांपासून साधारण पाचव्या दिवसापर्यंतचा, निराळ्या वाटेने येतो. त्यात सब्स्टन्स पी या रसायनाचा वाटा मोठा असतो आणि ते मुख्यतः थेट मेंदूत काम करते. दोन्ही वाटा एकमेकींत थोड्या मिसळलेल्या असल्या तरी या दुसऱ्या टप्प्यावर ऑन्डान्सेट्रॉनची पकड ढिली पडते, ही गोष्ट ते औषध १९९१ मध्ये अमेरिकेत मान्य झाल्यानंतर काही वर्षांतच डॉक्टरांच्या लक्षात आली होती. सब्स्टन्स पीची वाट अडवणारे अ‍ॅप्रेपिटंट २००३ मध्ये आले. त्याची नेहमीची पद्धत पहिल्या दिवशी १२५ आणि दुसऱ्या व तिसऱ्या दिवशी ८० मिलिग्रॅम अशी आहे. म्हणजे आपण ज्या कॅप्सूल बाजूला ठेवल्या, त्या नेमक्या दुसऱ्या टप्प्यासाठीच होत्या. उलटी सुरू झाल्यावर त्या दिल्या तर उपयोग का होत नाही, याचेही उत्तर यातच आहे. हे औषध दार बंद ठेवते, आत शिरलेल्याला हुसकावून लावण्याची ताकद त्याच्यात नाही.

केमोच्या औषधांची उलटीच्या दृष्टीने चार गटांत विभागणी केलेली आहे. कोणतेही प्रतिबंधक औषध न दिल्यास शंभरातील नव्वदपेक्षा जास्त रुग्णांना उलटी होईल अशी औषधे पहिल्या गटात येतात, आणि शेवटच्या गटातील औषधांनी दहापेक्षा कमी जणांना ती होते. सिस्प्लॅटिन पहिल्या गटात आहे, तर व्हिन्क्रिस्टिन शेवटच्या. आपल्या आईंना मिळणारी जोडी पूर्वी मध्यम गटात मोजली जात असे, पण दोन्ही औषधे एकत्र दिल्यावर होणारा त्रास पाहून मार्गदर्शक तत्त्वांनी तिला पहिल्या गटात नेले. शिवाय स्त्रियांना, तरुण रुग्णांना, गाडी लागण्याची सवय असलेल्यांना आणि गरोदरपणात ज्यांना खूप उलट्या झाल्या होत्या त्यांना हा त्रास जास्त होतो. आईंच्या बाबतीत यातले काय लागू आहे ते डॉक्टरांना जरूर सांगा, कारण ते विचारले जातेच असे नाही.

साखरेची काळजी रास्त आहे, पण तिचे उत्तर गोळ्या परस्पर बंद करणे हे नव्हे. डेक्सामेथासोन उलटीवर नेमके कसे काम करते यावर संशोधकांत अजून एकमत नाही, तरीही ते सोबत असले की बाकीच्या औषधांचा परिणाम चांगला होतो हे १९८० च्या दशकापासून वारंवार दिसून आले आहे. एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. अ‍ॅप्रेपिटंटमुळे यकृतात डेक्सामेथासोनचा निचरा मंदावतो आणि शरीरातील त्याचे प्रमाण जवळजवळ दुप्पट होते. म्हणून दोन्ही सोबत असताना डेक्सामेथासोनची मात्रा मुळातच कमी केलेली असते, आणि एक घेऊन दुसरे सोडले तर तो हिशेब बिघडतो. आईंच्या केमोच्या जोडीसाठी डेक्सामेथासोन फक्त पहिल्या दिवशी देऊन पुढचे दिवस वगळण्याची मुभा मार्गदर्शक तत्त्वांत आहे, विशेषतः बाकीची औषधे पूर्ण दिली जात असतील तर. मधुमेहाचे कारण सांगून डॉक्टरांना हेच विचारा. आई मधुमेहाची जी औषधे घेतात त्यांची मात्रा त्या दिवसांपुरती बदलावी लागेल का, तेही त्याच भेटीत ठरवून घ्या.

औषधे बदलता येतात का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. या तीन औषधांना ओलान्झापिन हे चौथे जोडण्याची पद्धत आता रूढ झाली आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात ३८० रुग्ण होते, आणि त्यांना सिस्प्लॅटिन किंवा आपल्या आईंना मिळते तीच जोडी दिली जात होती. पहिल्या चोवीस तासांत अजिबात मळमळ न झालेल्यांचे प्रमाण ओलान्झापिन घेणाऱ्यांत ७४ टक्के आणि न घेणाऱ्यांत ४५ टक्के होते. त्यापुढच्या चार दिवसांसाठी हेच आकडे ४२ आणि २५ टक्के असे होते. दुसरी जोडी मुद्दाम पाहा. चारही औषधे घेऊनसुद्धा निम्म्याहून अधिक रुग्णांना नंतरच्या दिवसांत थोडीफार मळमळ झालीच. उलटी थांबवण्यात वैद्यकशास्त्राला जितके यश आले आहे तितके मळमळीच्या बाबतीत आलेले नाही, आणि हे आधी माहीत असले की निराशा कमी होते.

साधासरळ यांचे उत्तर

वरील प्रतिसाद अभ्यासपूर्ण आहे, याबद्दल वाद नाही. तरीही केमोसारख्या जहाल औषधाच्या जोडीला आणखी चार औषधे, आणि त्या चारांचे दुष्परिणाम निस्तरण्यासाठी पुन्हा दोन, ही साखळी कुठे थांबणार, असा प्रश्न माझ्यासारख्या सामान्य माणसाला पडतो. आल्याने मळमळ कमी होते हे पूर्वापार माहीत आहे आणि मनगटावर दाब देण्याचा उपायही अनेकजण सांगतात. आधी हे करून पाहावे आणि नाइलाज झाला तरच गोळ्यांकडे वळावे, असे मला वाटते.

औषधपेटी यांचे उत्तर

आपली शंका प्रामाणिक आहे, परंतु ‘आधी हे, मग ते’ हा क्रम इथे धोक्याचा आहे. आल्यावर केमोच्या रुग्णांमध्ये अभ्यास झालेले आहेत आणि त्यांचे निष्कर्ष संमिश्र आहेत. काहींत मळमळ थोडी कमी झाली, काहींत काहीच फरक पडला नाही. त्यातही जिथे फायदा दिसला तिथे आले नेहमीच्या औषधांच्या जोडीला दिलेले होते. नव्वद टक्क्यांच्या गटातल्या केमोला केवळ आल्याच्या भरवशावर सामोरे जाणे मी कोणालाही सुचवणार नाही. जेवणात थोडे आले घेण्यास हरकत नसते, मात्र त्याच्या अर्काच्या कॅप्सूल घ्यायच्या असतील तर डॉक्टरांना विचारून घ्याव्यात, कारण केमोमुळे रक्तातील प्लेटलेट कमी झालेल्या असताना रक्तस्रावाच्या बाजूने झुकणारी कोणतीही गोष्ट तपासून घेतलेली बरी. मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटे वर, दोन स्नायुबंधांच्या मध्ये दाब देण्याने काहींना बरे वाटते. त्यात अपाय नाही, तेव्हा तो औषधांसोबत खुशाल करावा.

साखळीबद्दल म्हणाल तर पहिल्या सायकलमध्ये नीट अडवलेली उलटी ही पुढच्या सायकल्सची सर्वांत मोठी ठेव असते. पहिल्या वेळी त्रास झाला की दुसऱ्या वेळी तो केमोच्या आधीच सुरू होऊ शकतो, आणि त्या आधीच येणाऱ्या मळमळीवर नेहमीची औषधे फारशी चालत नाहीत. सांजवेळ यांच्या आई त्याच उंबरठ्यावर आहेत असे त्यांच्या वर्णनावरून वाटते.

जुनी रुग्ण यांचे उत्तर

सांजवेळताई, तुमच्या आईंना रुग्णालयाच्या नुसत्या नावाने मळमळते हे वाचून मला माझे दिवस आठवले. माझ्या एकूण सहा सायकल्स झाल्या. तिसऱ्या सायकलपासून त्या खोलीतल्या जंतुनाशकाचा वास नाकात शिरला की सुई टोचण्याआधीच माझ्या पोटात कालवायला लागायचे. मला ते मनाचे दुबळेपण वाटायचे आणि लाजेने मी ते कोणाला सांगितले नाही. पुढे एका डॉक्टरांनी समजावले की शरीराने वास आणि त्रास यांची गाठ मारून टाकलेली असते, आणि तिच्यावर उपाय असतो. आदल्या रात्री व त्या दिवशी सकाळी लोराझेपाम या चिंता कमी करणाऱ्या औषधाची लहान गोळी आणि त्याच्या जोडीला श्वासाचे व अंग सैल सोडण्याचे व्यायाम, एवढ्याने माझा त्रास अर्ध्यावर आला. आईंच्या वयामुळे आणि ओलान्झापिन सुरू झाले तर त्याच्या सुस्तीमुळे ही गोळी त्यांना द्यावी की नाही हे डॉक्टर ठरवतील, पण विचारण्यात संकोच करू नका.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या चुकीची आहे. प्रत्येक भेटीत मला ‘उलटी झाली का’ असे विचारले जाई आणि मी खरे तेच, म्हणजे ‘नाही’, असे सांगत असे. तीन-तीन दिवस मळमळीने पाण्याचा घोटही नकोसा होत होता, ही गोष्ट त्या ‘नाही’मागे दडून राहिली. मग मी एका वहीत केमोच्या दिवसापासून पाच दिवस सकाळ-संध्याकाळ मळमळीला शून्य ते दहा असे गुण द्यायला लागले. शेजारी उलट्या किती झाल्या, गरज पडल्यावर घ्यायची गोळी केव्हा घेतली आणि तिने किती वेळ बरे वाटले, हेही लिहू लागले. डॉक्टरांनी ती वही मिनिटभर चाळली आणि तिथल्या तिथे औषध बदलले. सहा महिन्यांत मी बोलून जे समजावू शकले नव्हते, ते त्या दोन पानांनी समजावले.

सांजवेळ यांची आणखी एक शंका

सर्वांचे मनापासून आभार. वही आजच सुरू केली आहे आणि पहिल्या सायकलचे जेवढे आठवते तेवढे मागचे दिवसही भरून काढले आहेत. ओलान्झापिनविषयी मी वाचले, तेव्हा ते स्किझोफ्रेनियासारख्या मानसिक आजारांसाठी वापरतात असे दिसले. आईने त्या औषधाच्या पाकिटातील कागद वाचला तर ती ते घेणार नाही, अशी मला भीती वाटते. शिवाय त्यानेही साखर वाढते आणि फार झोप येते असे तिथे लिहिले आहे.

औषधपेटी यांचे उत्तर

आईंनी कागद स्वतः वाचण्यापूर्वी तुम्हीच त्यांना सांगा. ओलान्झापिन मेंदूतील डोपामिन आणि सेरोटोनिन यांच्या अनेक ग्राहकांना, म्हणजे ही रसायने जिथे जाऊन बसतात त्या जागांना, एकाच वेळी अडवते. त्यांतले काही मनाच्या आजारांशी निगडित आहेत आणि काही उलटीच्या केंद्राशी. औषध एकच असले तरी ते कोणत्या कामासाठी दिले आहे हे मात्रेवरून आणि मुदतीवरून ठरते. मानसिक आजारात ते महिनोन्महिने घ्यावे लागते, इथे ते एका सायकलमध्ये चार दिवस असते. साखर आणि वजन वाढण्याची कीर्ती प्रामुख्याने त्या दीर्घ वापरातून आलेली आहे. तरीही आईंना मधुमेह असल्याने त्या चार दिवसांत साखर मोजत राहा.

झोपेची तक्रार मात्र खरी आहे. सुरुवातीच्या अभ्यासांत मात्रा १० मिलिग्रॅम होती आणि तिने अनेकांना दिवसभर गुंगी यायची. जपानमधील संशोधकांनी ५ मिलिग्रॅमची मात्रा वापरून २०२० मध्ये चांगले निष्कर्ष दाखवले. त्यानंतर मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाच्या अभ्यासात २.५ मिलिग्रॅम आणि १० मिलिग्रॅम यांची थेट तुलना झाली. तो अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. लहान मात्रा परिणामात कमी पडली नाही आणि दिवसाची झोप तिने कमी आली. तेव्हा लहान मात्रा रात्री झोपताना देता येईल का, असे तुम्ही विचारू शकता. रात्री उठताना आईंना आधार द्या, कारण या औषधाने उभे राहताना चक्कर येऊ शकते.

एक इशारा नक्की लक्षात ठेवा. ओलान्झापिन सुरू असताना घरात पडून असलेली मेटोक्लोप्रामाइड या उलटीवरच्या जुन्या औषधाची गोळी परस्पर देऊ नका. दोन्ही औषधे डोपामिन अडवतात, आणि एकत्र आल्यास मान-जबडा आखडणे किंवा अस्वस्थपणे येरझारा घालत राहणे असे त्रास होण्याची शक्यता वाढते.

रात्रपाळी यांचे उत्तर

मी कर्करोग विभागात परिचारिका आहे. वर बहुतेक सगळे आले आहे, म्हणून रात्री फोनवर आम्हाला जे वारंवार विचारले जाते तेवढेच सांगते.

गोळी घेतल्यावर उलटी झाली तर गोळी बाहेर पडलेली दिसते का ते पाहा, किती वेळ झाला होता ते लक्षात ठेवा आणि विभागात फोन करून मगच पुन्हा द्या. मनाने दुप्पट देऊ नका. गिळणेच अशक्य झाले असेल तर जिभेवर विरघळणारी ऑन्डान्सेट्रॉनची गोळी मिळते. पण केमोच्या दिवशी पॅलोनोसेट्रॉन दिलेले असेल तर ते शरीरात दीर्घकाळ टिकते, त्याचा अर्धायुष्यकाल (शरीरातील प्रमाण निम्मे होण्याचा काळ) सुमारे ४० तासांचा आहे, आणि त्यावर त्याच कुळातले ऑन्डान्सेट्रॉन लगेच चढवून फारसे हाती लागत नाही. अशा वेळी निराळ्या कुळातले औषध द्यावे लागते. म्हणून इंजेक्शनचे नाव विचारून वहीत लिहून ठेवा.

सेट्रॉन कुळातल्या औषधांनी डोके दुखते आणि बद्धकोष्ठता होते. तीन-चार दिवस पोट साफ झाले नाही की त्यानेच पुन्हा मळमळते, आणि लोक त्यावर आणखी ऑन्डान्सेट्रॉन घेतात. त्यामुळे पहिल्या दिवसापासून पोट साफ ठेवण्याच्या औषधाबद्दल विचारून घ्या. हृदयाचे ठोके अनियमित असतील किंवा त्यासाठी औषधे सुरू असतील तर तेही सांगायला हवे, कारण ही औषधे हृदयाच्या विद्युत लयीवर परिणाम करू शकतात. अ‍ॅप्रेपिटंट घेणाऱ्यांपैकी कोणी वॉरफरिन हे रक्त पातळ ठेवणारे औषध घेत असेल तर त्यानंतर रक्ताची तपासणी लवकर करावी लागते.

दिवसभरात पाण्याचा घोटही पोटात ठरत नसेल, लघवी अगदी कमी आणि गडद होत असेल, उलटीत रक्त दिसले, पोट फुगून शौच व वायू दोन्ही बंद झाले, किंवा आई गोंधळल्यासारखे बोलू लागल्या, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालयात या. ताप ३८ अंश सेल्सिअस किंवा त्याहून जास्त असेल तर उलटी असो वा नसो, ताबडतोब या. प्रत्येक उलटी केमोचीच असते असेही नाही. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर नव्याने सुरू झालेली उलटी आम्ही नेहमी निराळी मानून तपासतो.

सांजवेळ यांचे निवेदन, दोन आठवड्यांनंतर

दुसरी सायकल होऊन सहा दिवस झाले. डॉक्टरांनी वही पाहिली आणि कोणत्या गोळ्या ठरल्या वेळी घ्यायच्या व कोणती गरजेप्रमाणे, ते दोन वेगळ्या कागदांवर लिहून दिले. डेक्सामेथासोन फक्त पहिल्या दिवशी दिले, अ‍ॅप्रेपिटंट तीन दिवस पूर्ण केले आणि ओलान्झापिन २.५ मिलिग्रॅम चार रात्री दिले. आईला औषधाविषयी आधी सांगितले तेव्हा ती एवढेच म्हणाली, की मळमळ थांबणार असेल तर कागदावर काहीही लिहिलेले चालेल.

या वेळी एकही उलटी झाली नाही. मळमळीचे गुण तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सर्वांत जास्त, म्हणजे चार होते. मागच्या वेळच्या त्या संध्याकाळी आईने दहा दिले होते. पहिल्या रात्री साखर वाढली आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत खाली आली. रुग्णालयाच्या दारात थोडे ढवळले, पण आत गेल्यावर ते ओसरले. एकच नवी गोष्ट झाली. केमोच्या संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत आईला सारख्या उचक्या येत होत्या. हे कशाने झाले असावे?

औषधपेटी यांचे उत्तर

हे वाचून फार बरे वाटले. उचक्या बहुधा डेक्सामेथासोनमुळे आल्या असाव्यात. काही रुग्णांना, आणि पुरुषांना जास्त, या औषधाने उचक्या येतात व त्या एक-दोन दिवसांत आपोआप थांबतात. किती तास टिकल्या तेवढे वहीत लिहून पुढच्या भेटीत दाखवा. त्यांनी जेवण किंवा झोप मोडत असेल तर मात्रेचा किंवा त्याऐवजी दुसऱ्या स्टिरॉइडचा विचार करता येतो.